अम्मा रोज विचारायची, आज किती झालं?

मला विषय दिलाय 'कॉलेज, परदेश आणि पहिली कादंबरी : समतोल कसा साधला'. खरं सांगू का, समतोल-बिमतोल काही साधला नाही हो. थर्ड इयरला कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये माझं नाव वरून तिसरं होतं आणि त्याच आठवड्यात परदेशी कॉलेजात एक सेमिस्टर शिकायच्या एक्स्चेंजचं सिलेक्शन झालं, मग सर आधी रागवले आणि लगेच अभिनंदनपण केलं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. अप्पा यंत्रमागावर, अम्मा विड्या वळते. इथे निम्म्या घरांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, हजार विड्यांवर मजुरी असते, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचं आणि माल द्यायला गेलं की खराब निघालेल्या छाट म्हणून बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत. मी कादंबरी लिहितेय हे कळल्यावर अम्माने विषय काय, कशावर, काहीच विचारलं नाही. रोज रात्री एवढंच, आज किती झालं? मी म्हणायचे, तीनशे शब्द. छाट किती? दोनशे. मग ती म्हणायची, पान चांगलं नसेल. लेखनाच्या दोन कार्यशाळा केल्यात मी, एवढं कामाचं कुणी बोललं नाही.

लिहायचे पहाटे, शेजारचे माग सुरू व्हायच्या आत, जुन्या जर्नलच्या कोऱ्या बाजूला.

मग पोलंड. शहराचं नाव वुच. (सोलापूरचं कुणी परदेशी निघालं की सत्काराला कुणीतरी डॉ. कोटणीसांचं नाव काढतंच. ते १९३८ साली युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले, मी चाललेले एका सेमिस्टरला, शेंगा चटणीचे चार डबे घेऊन. लाजच वाटली.) सगळ्यांना वाटतं तिकडे निवांत लिहायला मिळत असेल. पहिले दीड महिने एक ओळ नाही. डिसेंबरात साडेतीनलाच अंधार, असाइनमेंट, भांडी, कपडे, आणि शनिवार-रविवार आला की पोरं स्वस्तातली बस पकडून प्रागला चालली, मग मीपण चालले. गेले ते बरंच केलं, खोलीत बसून तरी काय लिहिणार होते.

वुच हे कापडाचं शहर, आपल्यासारखंच. तिथली एक प्रचंड लाल विटांची गिरणी, २००६ पासून तिचा मॉल झालाय. आपल्याकडे बंद गिरणीत बाभळी उगवतात, तिथे आइस्क्रीम मिळतं. सगळे फोटो काढत होते आणि माझं डोकं फिरलं, का ते तेव्हा कळलं नाही. इथे काम करणाऱ्या बायका कुठे गेल्या, कुणाला विचारू?

त्या रात्री अम्माला फोन लावला. तिथे सात वाजलेले, म्हणजे इथे साडेअकरा. ती काहीतरी बोलत होती आणि मागे शेजारच्या रातपाळीचा माग, खटक खटक खटक. लहानपणापासून तो आवाज ऐकत झोपले, पण असा ऐकला नव्हता कधी. म्हटलं अम्मा, बोलू नको, फोन खिडकीत ठेव. तिला वाटलं पोरगी आजारी पडली. पण ठेवला. त्या रात्री अकरा पानं झाली, छाट फार नाही निघाली. उलट नायिका परदेशात जाते ती साठ पानं मी पुढच्या आठवड्यात काढून टाकली, ती सगळी गुगलवरून लिहिलेली होती.

परत आले तेव्हा एका विषयात नापास होऊन एटीकेटी लागली, तेही सांगायला पाहिजे. निघाली नंतर.

पुस्तक आलं तेव्हा अम्माला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं, तिला मराठी वाचायला जड जातं. हात चालूच होते तिचे. संपल्यावर म्हणाली, सगळं बरोबर आहे, पण तुझी बाई पान कोरडंच कापते, चुरा होईल त्याचा, आधी भिजवायला लागतं. दुसरी आवृत्ती निघाली तर पान सातवर ते दुरुस्त करायचंय.