मॉडेलवरचा मळ आणि मापाचा हिशेब

नमस्कार. पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘मॉडेलवरचा मळ : किती आणि कुठे’ असा छापला आहे, म्हणजे विमाने-रणगाड्यांच्या प्लॅस्टिक मॉडेलवर रंगाने दाखवायचा मळ, आणि त्यावर मी बोलणारच आहे, मात्र त्याआधी पॅनेल लाईन्सचा, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघांचा, निकाल लावल्याशिवाय मला चैन पडणार नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी काळ्या वॉशची, म्हणजे रेघांत सोडायच्या पातळ रंगाची, बाटली असेल, तेव्हा मी जे बोलेन ते आपल्यालाच उद्देशून आहे असे त्यांनी खुशाल समजावे.

हिशेब तोंडी करता येण्याजोगा आहे. १/७२ मापाच्या विमानावर कोरलेली रेघ ०.२ मिलिमीटर रुंद धरा. तिला बहात्तरने गुणले की १४.४ मिलिमीटर होतात, म्हणजे खऱ्या विमानाच्या अंगावर करंगळी आत जाईल एवढी फट. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या मिग-२१च्या पत्र्यांत अशी फट कोण ठेवील? उलट, खऱ्या सांध्यातली फट मिलिमीटरभर धरली, तर मॉडेलवर ती केसापेक्षाही बारीक व्हायला हवी. एवढी बारीक रेघ साच्यातून निघत नाही, ही कारखान्याची अडचण मला मान्य आहे. पण मुळातच अवाजवी असलेल्या त्या रेघेत काळा रंग सोडून आपण तिचा डांगोरा का पिटायचा, हा माझा प्रश्न आहे.

जाता जाता सांगतो, एअरफिक्स कंपनीच्या जुन्या जोडणी-किटांवर रेघा उठावाच्या असत आणि त्यावरून आपल्यातली तरुण मंडळी त्या किटांना नाके मुरडतात. पोलादी साच्यात चर कोरणे सोपे असते आणि साच्यातल्या चराची प्लॅस्टिकवर उठावाची रेघ होते. प्लॅस्टिकवर खोल रेघ हवी असेल, तर साच्यात तेवढी बारीक कड उभी ठेवून तिच्याभोवतीचे सगळे पोलाद काढावे लागते. तेव्हा त्या जुन्या कारागिरांना अडाणी ठरवण्यापूर्वी थोडा विचार करावा.

आता तो प्रसंग. आपल्यापैकी काहींनी तो माझ्याकडून पूर्वी ऐकला आहे, त्यांनी कृपया शेवट आधी सांगू नये. एका स्पर्धेत नाशिकच्या एका मुलाने १/७२चे मिग-२१ बायसन ठेवले होते. ओझरच्या एचएएल कारखान्यात मिग बांधले गेले, त्यामुळे त्या गावच्या मुलाला त्या विमानाची ओढ असणे स्वाभाविकच. राखी रंगाच्या दोन छटा त्याने एअरब्रशने इतक्या पातळ थरांत चढवल्या होत्या की रेघा जवळ गेल्यावरच दिसत. परीक्षक महाशयांनी खिशातून टॉर्च काढली, विमानावर तिरपा उजेड टाकला आणि “लाईन्स मेल्या आहेत,” असे म्हणून गुण कापले. त्यांच्या मागे हवाई दलातून निवृत्त झालेले एक फिटर उभे होते. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी मिगच्या हँगरमध्ये काढली होती. ते अतिशय नम्रपणे म्हणाले, “साहेब, लाईन्स एवढ्या ठळक दिसल्या असत्या, तर मी फॉर्म सातशेवर सही केली नसती.” उड्डाणापूर्वी विमान ठीक असल्याची सही ज्या फॉर्मवर होते, तो हा फॉर्म. परीक्षकांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की जणू नापास व्हायची पाळी आता या फिटरचीच. बक्षीस अर्थातच फरशीच्या सांध्यांसारख्या काळ्या चौकटी आखलेल्या एका सेबर विमानाला मिळाले, आणि गुणपत्रिकेत ‘लाईन्सचा उठाव’ नावाचा रकाना अजूनही तसाच आहे. हा रकाना काढावा, असे मी अनेकदा सुचवले आहे. माझ्या सूचनेचा उठाव मात्र कोणाला दिसत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेल्या विषयाकडे वळतो.

जो हिशेब फटीला, तोच मळालाही लागू आहे. १/३५च्या रणगाड्यावर स्पंजाने रंगाचा टवका दाखवताना अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका पडला, तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेसतरा मिलिमीटरचा होतो. असा एखादा शोभेल, शेकडो नव्हे. धुळीसाठी वापरलेल्या पिगमेंटचा, म्हणजे रंगाच्या भुकटीचा, कण ०.१ मिलिमीटरचा असला, तर ती धूळ नसून साडेतीन मिलिमीटरची खडी आहे. (१/३५ हे मापही काही शास्त्र पाहून ठरलेले नाही. तामिया कंपनीने पहिला पँथर रणगाडा बॅटऱ्या आणि मोटर मावतील अशा बेताने केला आणि माप मागाहून मोजले. असो, चिठ्ठी आली आहे.)

दुसरे असे, की मळाला कारण हवे. टी-५५ रणगाड्याचा धूर डाव्या मडगार्डवरून बाहेर पडतो, म्हणून काजळी तिथेच असावी, उजवीकडे नको. रंग उडतो तो हॅचच्या कडेला आणि जवान जिथे पाय ठेवून चढतात तिथे. चालत्या रणगाड्याच्या पट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग चकचकीत राहतो, त्यावर गंज टिकत नाही. लोंगेवालाची वाळू आणि शकरगढच्या शेतांतला चिखल एकाच डबीतून काढू नये. विमानाच्या पोटाखालचा तेलाचा ओघळ उडताना मागे ओढला जातो, उभ्या विमानावर मात्र तो सरळ खाली येतो. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ओतीव टरेटचा, म्हणजे तोफेच्या घुमटाचा, खडबडीतपणा आणि वेल्डच्या जाड रेघा पाहायला जरूर जावे, पण मळ पाहायला जाऊ नये, कारण संग्रहालयातले रणगाडे रंगवून ठेवलेले असतात.

वॉश करायचाच असेल, तर मूळ रंगाहून किंचित गडद छटेचा करावा, काळा नव्हे. खाली ॲक्रिलिक रंग आणि त्यावर चकाकता क्लिअर कोट असावा, म्हणजे वर सोडलेला इनॅमलचा वॉश टर्पेंटाईनने पुसताना खालचा रंग निघत नाही, आणि त्याच गुळगुळीत थरामुळे डिकलखाली, म्हणजे चिकटवायच्या चिन्हांखाली, हवा अडकून पांढुरके डागही पडत नाहीत. पुण्याच्या जुलैत लॅकर फवारू नये; द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतले बाष्प त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो.

प्रश्न चहाच्या वेळी घेतो. टेबलावरचा टी-५५ हातात घेऊन पाहायला हरकत नाही. अँटेना मेणबत्तीवर तापवून ताणलेल्या स्प्रूची, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिची, आहे, तेवढी सांभाळावी.