सुटका नेमकी कोणाची?

फोंडा तालुक्यातल्या एका घराची ही मागची खोली आहे. घरच्यांच्या विनंतीवरून आम्ही गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे गोव्यातल्या घरांत पेज वाढली जाते त्या वेळी, इथे ती पातळ करून दोनदा गाळली जाते आणि मोठ्या सिरिंजने, नाकातल्या नळीवाटे, अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध बाईंच्या पोटात सोडली जाते. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. बाई कोणाला ओळखत नाहीत, मात्र कूस बदलताना कण्हतात. हे सगळे करणारी धाकटी सून मध्येच म्हणते, ‘देवाने आता सोडवावे त्यांना,’ आणि लगेच गप्प होते, कारण हे मागणे सासूबाईंसाठी होते की स्वतःसाठी, हे तिचे तिलाही सांगता येत नाही.

प्रिय माणसाचे हाल संपावेत म्हणून त्याचे आयुष्यच संपवणे नीतीला धरून आहे काय, या प्रश्नावर आपल्याकडे सर्वांत परखड उत्तर कोणा बंडखोराने नव्हे, तर अहिंसेच्या उपासकाने दिले. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. बरीच चर्चा झाल्यावर गांधीजींनी डॉक्टरांकरवी त्याला इंजेक्शन देऊन मरण दिले आणि त्यावरून देशभर गदारोळ उठला. माणसालाही हाच न्याय लावाल काय, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्यांनी होय असे लिहिले. पण त्या होकाराला अटी होत्या. आजारी माणूस शुद्धीवर नसावा, बरे होण्याची आशा उरलेली नसावी, आणि त्याची सेवा करण्याचा एकही मार्ग शिल्लक नसावा. शेवटची अट वाचताना आपण फार घाईने पुढे जातो, असे आम्हाला वाटते.

कारण सेवेचे मार्ग खरोखर संपले आहेत का, हे बहुतेक घरांत कोणी तपासलेलेच नसते. कर्करोगाच्या वेदना आटोक्यात ठेवणारी मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, वेळेवर आणि बेताच्या मात्रेत दिली, तर रुग्ण पुष्कळदा शांत झोपतो, बोलतो, जेवतोही. पण ‘सवय लागेल’ या भीतीने घरचे ती टाळतात. मरणाच्या दारातल्या माणसाला सवय लागण्याची ही काळजी चमत्कारिकच म्हणायची. लोटली येथे ‘शांती अवेदना सदन’ ही संस्था कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. वेदना थांबवण्याच्या हेतूने दिलेल्या औषधामुळे आयुष्य थोडे कमी झाले तरी ते निषिद्ध नाही, असे पोप पायस बारावे यांनी १९५७ साली स्पष्ट केले होते. त्यामुळे गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांनाही या गोळीत धर्माची आडकाठी नाही. ज्या घरात ती गोळी पोचलीच नाही, तिथे कोणी ‘यापेक्षा मरण बरे’ म्हणाले, तर ते दयेचे बोलणे आहे की हतबलतेचे, हे ठरवता येत नाही.

कायदा या बाबतीत कडक आहे. रुग्णाच्या संमतीने आणि निव्वळ दयेपोटी प्राण घेतला तरी भारतीय न्याय संहितेनुसार तो गुन्हाच राहतो. प्रौढ व्यक्तीच्या संमतीमुळे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो, एवढाच फरक. उपचार थांबवणे ही गोष्ट मात्र वेगळी मानली गेली आहे आणि ते दार उघडले गेले ते अरुणा शानबाग यांच्या खटल्यात. १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात अमानुष हल्ला झालेल्या या परिचारिकेचा मृत्यू २०१५ साली झाला. मधली सारी वर्षे ज्या सहकारी परिचारिकांनी त्यांना न्हाऊमाखू घातले, त्यांचा दयामरणाला विरोध होता, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णयाचा अधिकार बाहेरून याचिका करणाऱ्या लेखिकेला न देता रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला. आप्त कोण, याचे उत्तर न्यायालयाने रक्ताच्या नात्यात शोधले नाही.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि शुद्धीवर असतानाच वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे लिहून, करून ठेवण्याची मुभा दिली. २०२३ साली ती पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही, आणि वेळ आल्यावर डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र नोंदवून गोव्यात आरंभ करून दिला.

प्राण घेणे आणि उपचार थांबवणे या भेदावर एक आक्षेप आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. यंत्र काढून दिवसेंदिवस वाट पाहणे हे एका इंजेक्शनपेक्षा अधिक दयाळू कसे? वेदनेच्या हिशेबाने पाहिले तर नेहमीच नसेल. तरीही ही रेघ पुसू नये असे आम्हाला वाटते, आणि त्याचे कारण गोव्यातच दिसते. इथल्या वारसा कायद्यानुसार मुलांचा निम्म्या मालमत्तेवरचा हक्क सहसा डावलता येत नाही. म्हणजे खाटेजवळ बसलेला माणूस अनेकदा वारसही असतो. त्याच्या मनात खोट असेलच असे नाही. पण भाटाची, म्हणजे माडा-बागायतीच्या जमिनीची, वाटणी अडून राहिलेली असताना, एक भाऊ लंडनहून फोनवर ‘तुम्ही ठरवाल ते’ म्हणत असताना आणि दुसरा रजा संपत आल्याचे सांगत असताना, ‘आता त्यांचे हाल पाहवत नाहीत’ या वाक्यात कोणाचे हाल किती, हे कोणता अधिकारी मोजणार?

विनोबांनी १९८२ साली पवनार आश्रमात अन्न आणि औषध थांबवले, तेव्हा तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. म्हणूनच भोवतालच्या माणसांना तो मान्य करता आला. इच्छापत्रही तेच करते, आपल्या मरणाचा भार दुसऱ्याच्या सदसद्विवेकावर टाकत नाही. मात्र ते करताना ‘व्हेंटिलेटर नको’ एवढे लिहून थांबू नये. वेदनाशामक औषध पुरेसे द्यावे, शक्य असल्यास घरी ठेवावे, आणि मुलांत मतभेद झाल्यास कोणाचे ऐकावे, हेही त्यात नावानिशी लिहावे. ही बोलणी चतुर्थीला, सगळे भाऊ घरी जमतात तेव्हा काढली तर उत्तम. कोणी तरी अशुभ म्हणून उठून जाईल, त्याला परत बोलावून बसवावे.