मावशीच्या पाटल्या

श्रोतेहो, नमस्कार. आज एएनए या तपासणीबद्दल बोलू. आपल्याच पेशींच्या केंद्रकावर उलटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, रक्तात आहेत का, हे ती दाखवते. ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराची, शंका आली की डॉक्टर ती लिहून देतात.

तर माझी साताऱ्याची मावशी. वय ६८, गुडघे धरलेले. लेकाने तिला कुठल्याशा 'फुल बॉडी पॅकेज'ला नेलं. (ही पॅकेजं मला मुळीच पटत नाहीत. एका साडीवर चार ब्लाऊजपीस, शिवायचे कुणी?) रिपोर्ट आला, एएनए पॉझिटिव्ह, एकास ८०. लेकाने मोबाइलमध्ये शोधलं, ल्युपस निघाला. मावशी दोन दिवस देवघरासमोर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी हातातल्या पाटल्या काढून धाकट्या जावेला देऊन मोकळी. मग मला फोन, "खरं सांग गं, किती दिवस उरलेत?"

तिला आमच्या लॅबमध्ये बोलावलं. अंधारी खोली, सूक्ष्मदर्शक. काचेवर माणसाच्या पेशी, त्यावर रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी, त्यावर चमकणारा रंग जोडलेलं दुसरं प्रतिपिंड. रुग्णाची प्रतिपिंडं पेशींना चिकटली असतील तर केंद्रकं हिरवी उजळतात. आधी एका ल्युपसच्या रुग्णाची काच दाखवली.

"अगं बाई, काजवे!"

मग तिची. डोळे बारीक करून म्हणाली, "यातले विझलेत की."

एकास ८० म्हणजे काय? एक वाटी ताकात ७९ वाट्या पाणी. एवढ्या पातळ सीरमलाही थोडी चमक होती, इतकंच. धडधाकट माणसांतही शंभरात साधारण १३ जणांना ती दिसते. एकास १६० केलं तरी पाचेकांना. म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे. पुन्हा सांगते, नुसतं पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे. सांधे सुजतात, उन्हात गालांवर चट्टे उठतात, लघवीतून प्रथिनं जातात, असं काही असेल तर पुढच्या तपासण्या, डीएसडीएनए आणि एसएम, म्हणजे ल्युपसकडे अधिक नेमकं बोट दाखवणाऱ्या प्रतिपिंडांच्या. आणि लघवीची साधी तपासणी स्वस्त म्हणून तिला नाक मुरडू नका.

मावशीचे गुडघे वयाने झिजलेत. व्यायाम करते, कुरकुरत का होईना. पाटल्यांचं विचाराल, तर जाऊबाई म्हणतात, "दिलेलं दान कुणी परत मागतं का?"