बाटलीतली चिठ्ठी

राम राम मंडळी. दिवाळी झाली की सातपुड्यातल्या नाल्यांचं पाणी निवळतं. तेव्हा यावल-रावेरकडच्या डोंगरात गेलात तर वाहत्या पाण्यातला एक दगड हळूच उलटून बघा. खाली चपटा, दगडाच्याच रंगाचा, नखाएवढा किडा सरकन बाजूला पळेल, मागे तीन बारीक शेपट्या (काहींना दोनच असतात), आणि पोटाच्या कडेला पानांसारखे कल्ले, ते सारखे थरथरत असतात. हे मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याचं पिल्लू. पाण्यात कित्येक महिने काढतं, मग पंख फुटतात आणि पंख फुटल्यावरही हा पुन्हा एकदा कात टाकतो, असं करणारा आजच्या जगात दुसरा किडा नाही. त्यानंतरचं आयुष्य बहुतेकांचं काही तासांचं, नाहीतर एक-दोन दिवसांचं, तोंडच चालत नाही म्हणून खाणं पण नाही.

असा किडा म्युझियमला ठेवायचा तर 70-80 टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत ठेवतात. रंग हळूहळू उडतो, पाय तुटतात, पण बाटलीत चिठ्ठी असेल तर तो कामाचा राहतो. कुठला नाला, कोणत्या गावाजवळ, तारीख काय, पाणी किती जोरात होतं, कोणी पकडला. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची आणि बाटलीच्या आतच टाकायची, बाहेर चिकटवलेली गळून पडते.

मी पहिल्या वेळेस बॉलपेनने लिहिलं होतं. महिन्याभरात शाई अल्कोहोलमध्ये उतरली, कागद कोरा, किडा तिथेच होता पण कुठला ते कोणालाच सांगता येईना, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आपल्या भागाची गोष्ट बघा. 1906 साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्याआधीच्या चिठ्ठीवर नुसतं 'खान्देश' असेल तर ते जळगाव पण असू शकतं, धुळे पण, नंदुरबार पण. पश्चिम खान्देश लिहिलं तरी तोरणमाळचा झरा की पांझरेचा काठ, काय समजायचं? म्हणून गावाचं, नाल्याचं नाव पाहिजेच, लोक ज्या नावाने हाक मारतात तेच लिहा, आणि आता मोबाईलवर अक्षांश-रेखांश मिळतात तर ते पण टाका.

एवढं कशासाठी, तर मेफ्लायच्या कित्येक जातींना घाण पाणी, कमी ऑक्सिजन अजिबात चालत नाही, काही मात्र तग धरतात, म्हणून जात नीट ओळखावी लागते आणि पुढे कोणाला शंका आली तर बाटली उघडून पुन्हा बघता येते. सुकी, मोर, अनेर, वाघूर, या नद्यांत आज काय जगतंय ते लिहिलेलं असेल तर वीस वर्षांनी कोणी तोच दगड उलटेल तेव्हा त्याला फरक कळेल.

तर येत्या रविवारी नाल्यावर जाणार असाल, तर खिशात पेन्सिल असू द्या.