भिंतीच्या पोटातले पाईप

(दृश्य : पहाट. मागचे अंगण. पितळी तोटी उघडते.)

पहाटे या तोटीतून येणारे पहिले तांब्याभर पाणी विटकरी रंगाचे असते. घरातल्या आजी ते तुळशीला घालत नाहीत, मोरीत ओतून देतात. हा रंग धरणातला नाही आणि गच्चीवरच्या टाकीतलाही नाही. रात्रभर पाईपमध्ये थांबलेल्या पाण्याने त्या पाईपचेच लोखंड सोबत आणलेले आहे.

पुण्याच्या नारायण पेठेतले हे दुमजली घर पानशेतच्या पुरानंतर बांधले गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि मुठेकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे कोसळले. वाड्यात अंगणातल्या एकाच नळावर सगळी बिऱ्हाडे पाणी भरत असत. नव्या घरात मात्र स्वयंपाकघर, मोरी आणि संडास यांना स्वतंत्र तोट्या मिळाल्या आणि पाईप भिंतीच्या पोटात गेले.

याच शहरात अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी बांधीव तोंडे, ठेवलेली होती, आणि आत काय चालले आहे हे पाहून गाळ काढण्याची सोय बांधणाऱ्यांनी पहिल्यापासून ठेवली होती. भिंतीतल्या अर्ध्या इंचाच्या पाईपला असा उच्छ्वास नसतो, म्हणून तो आतून कसा झाला आहे हे तो कापल्यावरच कळते.

(दृश्य : करवतीने कापलेला पाईप. कॅमेरा जवळ जातो.)

बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या या तुकड्याच्या आत पेन्सिल जेमतेम जाते. हा जीआय पाईप आहे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. ते संपले की गंजाची पाळी येते. नळाला दिवसातून काही तासच पाणी येते, त्यामुळे मीटरपासून टाकीपर्यंतच्या पाईपमध्ये कधी पाणी तर कधी हवा असते, आणि लोखंड गंजायला याहून अनुकूल स्थिती क्वचितच मिळेल. गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून त्याच्या अशा गाठी आतल्या बाजूला वाढत जातात. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला उंचीच्या दर १० मीटरला साधारण १ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला १ किलो) दाब मिळतो, आणि वरच्या मजल्यावरची मोरी तर टाकीच्या जेमतेम ३ मीटर खाली आहे. इतक्या कमी दाबावर पाईपचे भोक निम्मे झाले की पाणी निम्मे येत नाही, ते साधारण सहाव्या हिश्श्यावर येते.

सर्वांत आधी सांधे जातात. आटे, म्हणजे पेचाच्या खाचा, पाडताना तिथले लोखंड आधीच कापले गेलेले असते, शिवाय ताजा कापलेला धातू जस्ताविना उघडा पडतो. या घरात ओल आली की तेवढाच तुकडा बदलण्याची रीत होती, आणि बहुतेक घरांत तीच आहे. नव्या तुकड्यासाठी पाना लावून जुना साकेट (दोन पाईप जोडणारा तुकडा) फिरवला की तो ताण पुढच्या, तितक्याच कुजलेल्या सांध्यावर जातो आणि महिन्याभरात भिंत तिथे ओली होते. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी जिन्याखालच्या कॉककडे बोट दाखवून सांगितले, “आजी, याला आता हात लावायचा नाही, हातातच येईल.” म्हणूनच या घराने मीटरपासून शेवटच्या तोटीपर्यंतची सगळी लाइन एकदमच बदलायचे ठरवले, आणि आमच्या मते हा निर्णय दहा वर्षे आधीच व्हायला हवा होता.

(दृश्य : छिन्नी-हातोडा. गिलाव्याची धूळ.)

जुने पाईप भिंतीतून ओढून काढण्याचा हट्ट मिस्त्री धरत नाहीत. जिथे विटा हलतील तिथे ते पाईप तसेच सोडतात आणि शेजारी नवी झिरी, म्हणजे पाईपसाठी भिंतीत खाच, मारतात. झिरी आडवी कमी आणि उभी जास्त असते, कारण आडव्या खाचेने भिंत अधिक कमजोर होते.

हा फिकट पिवळा पाईप सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा आहे. तो सरळ कापायचा, कडेचे कंगोरे घासून काढायचे, पाईपला आणि फिटिंगला सॉल्व्हंट लावायचे, आत घालताना पाव वळसा द्यायचा आणि काही क्षण दाबून धरायचे. सॉल्व्हंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून त्यांचा एक जीव करते, त्यामुळे येथे आटे लागत नाहीत आणि आट्यांवर गुंडाळायचा तागही लागत नाही. तोटी बसते तिथे मात्र पितळी आट्यांचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, वापरला आहे. गरम पाण्याने हा पाईप लोखंडापेक्षा कितीतरी अधिक लांबतो. ३ मीटरच्या लांबीत ४० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मिलिमीटर. म्हणून तो सिमेंटमध्ये घट्ट आवळलेला नाही. गच्चीवर त्याला उन्हापासून वाचवण्यासाठी रंग दिला आहे, आणि टाकीच्या तोंडाशी हवेचा उभा पाईप जोडला आहे, त्यामुळे लाइनमध्ये हवा अडकून पाणी थांबत नाही.

(दृश्य : मीटरजवळ पाईपला गुंडाळलेली तार.)

ही तार आम्हाला काम अर्ध्यावर आल्यावर दिसली. जुन्या घरांत विजेचे अर्थिंग, म्हणजे बिघाडात वीज जमिनीत नेणारी सुरक्षेची जोडणी, अनेकदा पाण्याच्या लोखंडी पाईपलाच जोडलेले असे. लोखंड काढून प्लास्टिक बसवले की ते अर्थिंग गुपचूप नाहीसे होते, दिवे मात्र पूर्वीसारखेच लागतात आणि कोणाला काही कळत नाही. येथे काम थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलावले आणि अंगणात स्वतंत्र अर्थिंग घेतले. पाईप बदलणाऱ्या प्रत्येक घराने ही तार आधी शोधावी.

(दृश्य : हातपंप. दाबाचा काटा.)

भिंत बुजवण्यापूर्वी सगळ्या तोट्यांच्या जागी बूच लावून हातपंपाने लाइनमध्ये पाणी भरले आणि काटा १० किलोवर नेऊन रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तो १० वरच होता. त्यानंतर उघड्या झिऱ्यांवर मोजायची टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढले. ते फोटो आता मीटरच्या पेटीत ठेवलेले आहेत.

या काळात घरच्यांनी शेजाऱ्यांकडून पाणी भरले, खर्च अंदाजापेक्षा वाढला, आणि मोरीतल्या जुन्या फरश्या वाचल्या नाहीत. पण कुजलेल्या सांध्यांतून, लाइन रिकामी असताना, बाहेरची घाण आत ओढली जाण्याचा धोकाही गेला. जुने लोखंड भंगारवाल्याने किलोवर नेले.

अंगणातली पितळी तोटी आजींनी टाकू दिली नाही. चिंचेने घासून, नवा वायसर घालून तीच नव्या एल्बोवर बसवली आहे.

(दृश्य : पहाट. तीच तोटी, तोच तांब्या. आजी तुळशीकडे वळतात. पुढे निवेदन नाही.)