चार ते पावणेपाच

श्रोतेहो, नमस्कार.

‘आवड असली की सवड मिळते’ असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आवड घरोघरी असते, पण सवड घड्याळात आखून घ्यावी लागते. आज एवढंच सांगायला बसलोय: छंदासाठी वेळ ठरवा आणि जागा ठरवा. वेळ आणि जागा. बाकीचं मागाहून येतं.

माझ्या आत्याचंच सांगतो. आत्या साताऱ्याला असते. आतोबा गेल्यावर तिनं डबे सुरू केले. सकाळचे बावीस, संध्याकाळचे बावीस. पेटी शिकायची तिची इच्छा परकरात होती तेव्हापासूनची. माहेरी राहून गेलं, सासरी राहून गेलं. एकसष्टाव्या वर्षी एका जुन्या घराची आवराआवर चालली होती, तिथून तिनं पेटी आणली. पाटावर ठेवली, वर जुनं नऊवारी पांघरलं. दुपारी कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवायची आणि चारला पेटीपाशी बसायची. पावणेपाचला पोळ्यांना उठायची. चार ते पावणेपाच, रोज.

शिकवायला येणारे सर तिच्या मुलाच्या वयाचे. ही त्यांना ‘सर’ म्हणायची, ते हिला ‘काकू’. दीड वर्षानं सर म्हणाले, “काकू, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बसा.” फॉर्म भरला. परीक्षा नोव्हेंबरात.

आणि परीक्षेच्या चार दिवस आधी नऊवारी बाजूला सारून तिनं भाता दाबला, तर नुसतं फस्स! सूर उमटेना. पेटी फिरवून पाहिली तर भात्याच्या घडीवर दोन बोटं जातील एवढं भोक. उंदीर. दिवाळीच्या चिवड्याचे पोहे शेजारीच ठेवलेले, पोह्यांबरोबर त्यानं भाताही कुरतडला. दुरुस्तीवाले म्हणाले, पंधरा दिवस लागतील.

आत्यानं काय करावं? माळ्यावरची मोडकी छत्री काढली. तिचं काळं कापड घडीच्या मापानं कापलं. मैद्याची खळ शिजवली. शेजारी वह्या बांधणारे गृहस्थ राहतात, ते म्हणाले, “वहिनी, खळीत चिमूटभर मोरचूद टाका, पुन्हा कीड लागणार नाही. आणि हात धुवा हो, डबे करायचेत.” तिनं खळ लावली, वर पुस्तकांचं वजन ठेवलं. दुसऱ्या दिवशी चारला भाता दाबला. हवा धरली!

केंद्रावर पेटी होती, पण हिनं स्वतःचीच रिक्षात घालून नेली. बाकावर आठ-नऊ वर्षांची मुलं, मध्ये आत्या. परीक्षक म्हणाले, “आजी, नातवाला पाठवा आत.” ही म्हणाली, “नातू शाळेत गेलाय. परीक्षा माझी आहे.” आणि बसली.

भूप राग वाजवला. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, सूर पाचच, पण त्या पाचांत लपायला जागा नाही. आलाप झाला. तानेला जरा जोरानं भाता मारला आणि ठिगळाचा एक कोपरा सुटला. बारीक सूं सूं. तिनं डावा हात हळू केला, लय उतरवली आणि त्या उतरल्या लयीत शेवटपर्यंत नेलं. परीक्षकांनी ऐकलं, उठले, पेटीच्या मागे जाऊन वाकून पाहिलं. “हे कुणी केलं?” “मीच.” “छत्रीचं कापड?” “हो.” थोडं थांबून ते म्हणाले, “खळीत काय घातलंत? माझ्याही पेटीला उंदीर लागलाय.” मोरचूद किती, खळ किती घट्ट, सगळं त्यांनी गुणांच्या कागदामागे पेन्सिलीनं टिपून घेतलं. बाहेर पुढचा मुलगा ताटकळत उभा.

आत्या पास झाली.

पेटीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नभोवाणीनं 1940 मध्ये पेटीला बंदी घातली होती. कारण दिलं की पेटीचे सूर ठरीव, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. ती बंदी सैल व्हायला 1971 साल उजाडलं. मींड निघत नाही हे खरंच. पण गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जिच्यावर नाव मिळवलं, जिनं भजन, कीर्तन आणि संगीत नाटक पाठीवर वाहिलं, तिला तीस वर्षं दाराबाहेर ठेवणं हा अन्याय होता असं मला मनापासून वाटतं. माइकसमोर बसून हे बोलता येतंय याचा आनंद आहे.

तर, वेळ आणि जागा. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. दिनकर केळकरांचा व्यवसाय चष्म्यांचा. नाद मात्र जुन्या वस्तू जमवण्याचा: अडकित्ते, दिवे, कुलपं, वाद्यं. सुरुवातीची जागा राहत्या घरातली. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी तो संग्रह वाढवला आणि पुढे सरकारच्या स्वाधीन केला. आज तिथे 20,000 च्या वर वस्तू आहेत.

आपल्या घरातलं पाहा. पेटी, कॅरम, रंगांची पेटी, विणकामाच्या सुया, हे सगळं माळ्यावर असेल तर ते हाताशी येत नाही. खाली काढा. एक कोपरा द्या, तिथून उचलू नका. आणि पाऊण तास नको, वीस मिनिटं चालतील, पण रोज त्याच वेळी. मुलांचंही तेच. सुट्टी लागली की एकाच मुलाला चार-चार वर्ग लावतात, पोर नुसतं रिक्षात बसून दमतं. एक काहीतरी त्याला निवडू द्या आणि बसायला जागा द्या.

आत्या आता एकोणसत्तर वर्षांची आहे. डबे बारावर आणलेत. गेल्या आठवड्यात मी दुपारी तिला फोन केला, तर म्हणाली, “चार वाजलेत ना रे? पावणेपाचला कर.” आणि फोन ठेवण्याआधी मला भात्याचा आवाज ऐकू आला.

नमस्कार.