ठोक्याठोक्याने वाढणारा थर

(अंधारा निर्वात कक्ष. लेझरचे ठोके.)

हा झोत बघा. ज्योतीसारखा उमलतो आणि विझतो. अतिनील लेझरचा एक ठोका साधारण 25 नॅनोसेकंदांचा. म्हणजे सेकंदाचे चार कोटी भाग केले, तर त्यातला एक. तेवढ्यात चकतीच्या पृष्ठभागाचा प्लाझ्मा होतो आणि समोरच्या तापलेल्या स्फटिकावर जाऊन बसतो. एका ठोक्यात अणूंचा एक थरही पुरता भरत नाही. म्हणून हजारो ठोके.

चकती बिस्मथ फेराइटची, म्हणजे बिस्मथ, लोह आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची. तिच्यात बिस्मथ मुद्दाम जास्त घालतात, कारण या उष्णतेत ते उडून जातं. थराच्या खाली स्ट्रॉन्शियम टायटनेटचा स्फटिक. त्याच्या अणूंची मांडणी वरचा थर गिरवत जातो.

(थंड होणारा नमुना, जवळून.)

एवढा खटाटोप का? कारण चुंबकत्व आणि विद्युत ध्रुवण, म्हणजे धन आणि ऋण प्रभार एकमेकांपासून किंचित सरकलेले असणं, सहसा एका घरात नांदत नाहीत. चुंबकत्वाला अणूतल्या इलेक्ट्रॉनांची डी नावाची कक्षा अर्धवट भरलेली लागते. बेरियम टायटनेटसारख्या पदार्थात मात्र ती रिकामी असते, म्हणूनच टायटॅनियमचा अणू आपल्या चौकटीच्या केंद्रातून सरकतो आणि ध्रुवण निर्माण होतं. पदार्थशास्त्रज्ञ निकोला स्पाल्डिन यांनी 2000 साली हा पेच नेमका मांडला. बिस्मथ फेराइटने त्यावर कामं वाटून घेतली आहेत: ध्रुवण बिस्मथच्या एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, इलेक्ट्रॉन जोडीकडे, चुंबकत्व लोहाकडे. ध्रुवण सुमारे 830 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, चुंबकी क्रम, म्हणजे अणूंच्या चुंबकांची शिस्तशीर मांडणी, सुमारे 370 पर्यंत. 2003 साली अशाच पातळ थरांत आधीच्या स्फटिकांपेक्षा कितीतरी जास्त ध्रुवण मोजलं गेलं आणि विषय पुन्हा पेटला.

पुन्हा, कारण तो जुनाच आहे. विजेने चुंबकत्व आणि चुंबकाने ध्रुवण बदलावं, असं नातं एखाद्या पदार्थात असू शकतं, हे भौतिकशास्त्रज्ञ प्येर क्युरी यांनी 1894 मध्येच निव्वळ सममितीवरून सुचवलं होतं. 1959 मध्ये झ्यालोशिन्स्की यांनी असा पदार्थ म्हणून क्रोमियम ऑक्साइडचं नाव घेतलं, 1960 मध्ये अस्त्रोव्ह यांनी ते मोजून दाखवलं. मधली पासष्ट वर्षं ‘उपयोग काय’ हा प्रश्न कुणी फार ताणला नाही, हे बरंच झालं.

(पडद्यावर रेषा-रेषेने उमटणारे पट्टे.)

ही सुई थरावरून फिरते आहे. टोकाला व्होल्टेज दिलं की पृष्ठभाग किंचित फुगतो, आकसतो; त्यावरून ध्रुवणाची दिशा कळते. एकेक पट्टा म्हणजे एकेक दिशा. अशा दिशा आठ.

आता मधल्या चौकोनावर जास्त व्होल्टेज.

(शांतता. चौकोन पालटतो.)

ध्रुवण नुसतं उलटं झालं, तर लोहाच्या अणूंची चुंबकं ज्या प्रतलात असतात, ते तसंच राहतं. 71 किंवा 109 अंशांनी वळलं, तर तेही वळतं. बाहेरून चुंबक कुणी आणलेलंच नाही.

कमी विजेवर चालणाऱ्या मेमरीची आशा यातूनच आली. गळणारा विद्युतप्रवाह आणि टिकाऊपणा, यांवर अजून काम चालू आहे.

सुई पुन्हा पहिल्या रेषेवर.